तिच्या गळ्यातलं लोढणं

हिरामावशींना 'मारकी' पहिल्यांदा मी म्हणालो. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे सगळं त्या पाहुण्यावर ढकलून मोकळा होईन.

लोणावळ्यात भाड्याने देतात अशा एका बंगल्यावर मी मॅनेजर आहे. जवळच्या कुरवंडे गावातल्या हिरामावशी तिथे साफसफाई करायच्या. एका रविवारी नाश्त्याच्या वेळी पाहुण्याने मुद्दाम चहा सांडला. बोट दाखवून म्हणाला, "पदराने पूस." सोबतचे हसले. मी ट्रे घेऊन उभा होतो.

"फडकं आणते. पदर माझा हाय."

"पदरानेच."

मावशींनी बादली त्याच्या पायाशी आदळली. "मग तूच पूस."

मालक धावत आले, मागोमाग स्वयंपाकी आणि माळीही. मालकांनी मला विचारलं. मी सगळं पाहिलं होतं. म्हणालो, "मारकी आहे हो ती, साहेब." आणि हसलोसुद्धा.

मावशींचं काम गेलं. शब्द राहिला. आसपासच्या बंगल्यांवर त्या काम मागायला गेल्या की आतून आवाज यायचा, "तीच का ती मारकी?"

मी मावळातल्या शेतकऱ्याच्या घरचा. आमच्याकडे एक गाय होती. शिंगं उगारायची. वडिलांनी तिच्या गळ्यात लाकडाचं लोढणं बांधलं. धावली की ते गुडघ्यांवर आपटायचं. सगळा गाव तिला मारकी म्हणायचा. तिची शेपटी रोज मी पिरगाळायचो. हे तेव्हाही कुणाला सांगितलं नाही.

चार महिन्यांनी कुरवंड्याला गेलो. मावशी अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, चुकलं माझं."

त्यांनी मान वर केली नाही. "हितं काय माझ्या कोंबड्यांना सांगतो व्हय, भाऊ? जितं बोललास, तितं बोल."

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन बंगल्यावर गेलो. स्वयंपाकी, माळी, सगळे जमले. मालक म्हणाले, "हिला कशाला आणलंस? पुन्हा शिंगं दाखवायला?"

नोकरी जाणार, हे दिसत होतं. जाऊ दे. या तोंडून तो शब्द पुन्हा कुठल्याही बाईच्या गळ्यात पडणार नाही.

"साहेब, चहा पाहुण्याने सांडला. पदराने पूस म्हणाला. मावशींनी आपला पदर सांभाळला. मी घाबरून खोटं बोललो."

मग मावशींकडे वळलो. "सगळ्यांसमोर बोललो होतो. सगळ्यांसमोर माफी मागतो."