तिसऱ्या खोलीची भिंत

परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी खोल्या बघायच्या, हे विद्यापीठातल्या त्या बाईंचं काम. मुलं अजून आपापल्या देशात असायची. त्यांच्या वतीने बाईंनी खोली पाहून यायचं आणि जशी आहे तशी कागदावर लिहून पाठवायची. एकवीस वर्षं त्या हे काम डोळ्यांत तेल घालून करत होत्या. कार्यालयात त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'खोलीबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असे.

त्यांची पद्धत ठरलेली. बसमधून उतरताना घड्याळ बघायचं आणि दारात पोचल्यावर पुन्हा बघायचं. बंद खिडकीपाशी काडी पेटवून धरायची. ज्योत थरथरली की समुद्राचा वारा फटीतून येतो. कपाटात हाताची मागची बाजू फिरवायची, कारण ओल तिला आधी कळते. शेवटी पलंगावर दहा मिनिटं गप्प बसायचं आणि काय काय ऐकू येतं ते लिहायचं. मुलांचा मात्र एकच हट्ट, खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे.

"समुद्र पंधरा दिवस दिसतो रे बाळांनो," त्या फोनवर सांगत. "पुढे तो नुसता बिजागऱ्या गंजवतो."

यजमान जाऊन दीड वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. लांबच्या गावी राहणारी नणंद आठवड्यातून एकदा फोन करायची.

"वहिनी, मागची खोली देऊन टाका एखाद्या मुलीला. घरात बोलायला माणूस तरी होईल."

"मला काय गरज? मी काय भिंतींशी बोलते होय?"

"भिंतींशी नाही, किटलीशी. मागच्या वेळी मी फोन ठेवलाय असं समजून तुम्ही तिला 'थांब गं बाई, आले' म्हणालात. मी ऐकलं."

खोलीबाई हसल्या, पण बोलणं मनाला लागलं. त्या रविवारी त्यांनी मागची खोली रिकामी केली. कपाटाच्या तळाशी यजमानांचे काळे बूट होते, त्यांवर हिरवट बुरशी चढलेली. बूट पुसून त्यांनी आपल्या पलंगाखाली ठेवले. पश्चिमेच्या भिंतीला पोपडे आले होते. ती खरवडून, फिकट पिवळा रंग आणून, स्टुलावर चढून त्यांनी स्वतः रंगवली. खोली एकदम तरुण दिसायला लागली.

साहेबांची परवानगी काढायला गेल्या, तर साहेब म्हणाले, "तुमचं घर तुम्हीच तपासा. तुमच्यासारखी खोट दुसऱ्या कोणाला काढता येणार?"

शेजारच्या टेबलावर ओळखपत्रं बनवणारी बाई खिदळली. "बघा हं, स्वतःलाच नापास कराल!"

त्यांनी तपासलं. थांब्यापासून सहा मिनिटं. नळाला पाणी जोरात. खिडकीला फट नाही. 'एकाच भिंतीला नवा रंग' असं लिहून झालं. दुसऱ्या कोणाच्या घरी याच्यापुढे त्या हमखास 'कारण विचारावे' असं लिहीत. या वेळी पेन तिथेच थांबलं. मालकिणीच्या रकान्यात लिहिलं, 'एकटी. बोलायची हौस.' त्या पलंगावर दहा मिनिटं बसायचंही राहिलं.

यादीत घरमालकांची नावं नसत, नुसते आकडे असत. एका मुलीला त्यांनी तीन खोल्या पाठवल्या. तिसरी स्वतःची. चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"काकू, पहिली नव्या इमारतीतली आहे, पण तिथे शेजारी कोण राहतं तेही कळायचं नाही. दुसरी फार लांब. मला तिसरीच आवडली. त्या मालकीणबाई बोलक्या आहेत ना? आई म्हणते, हीच घे, दोघींना सोबत होईल. मला ना, घरात दुसरं कोणी नसलं की झोपच येत नाही."

"अगं, पण त्या फार बोलतात."

"मग चालेल की! मीही कमी नाहीये." मुलगी मोकळी हसली. "एकच विचारायचं राहिलं. मला दम्याचा थोडा त्रास आहे. खोली कोरडी आहे ना?"

खोलीबाईंनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

"हॅलो? फोन बंद पडला का?"

"नाही गं, आहे मी. त्या भिंतीला नवा रंग दिलाय."

"हो, वाचलं मी. छानच झालं!"

इथे नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"छान नाही," त्या म्हणाल्या. "रंगाच्या आत ओल आहे. कपाटातल्या बुटांना बुरशी येते. तुझ्यासाठी ती खोली नाही."

"अय्या! तुम्ही तर तिथे राहिल्यासारखं सांगताय."

"बघितलीय ना मी नीट."

"मग पहिली घेते." मुलीने पुढे विचारलं, "त्या मालकीणबाईंना वाईट वाटेल का हो?"

"त्यांना कशाला कळतंय!"

तीन आठवड्यांनी मुलगी किल्ली न्यायला आली. फोनवर वाटली होती त्यापेक्षा लहानखुरी, पाठीवर तिच्याएवढीच बॅग. किल्ली घेताना तिने विचारलं, "तिसऱ्या खोलीत कोणी आलं का?"

"नाही. यादीतून काढली ती."

"आणि त्या बाई?"

"बऱ्या आहेत."

ओळखपत्रवालीने मान वर करून तोंड उघडलं. खोलीबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते मुकाट्याने मिटलं.

"येईन हं मी तुम्हाला भेटायला," मुलगी दारातून म्हणाली.

"ये की," त्या म्हणाल्या. असं सगळीच मुलं म्हणत.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पत्र्याची पट्टी घेतली आणि पिवळा रंग खरवडून काढला. आतून भिंत काळपट निघाली, हाताला गार लागली. मागे एकदा गवंड्याला दाखवली होती, तेव्हा तो म्हणाला होता, रंग काढून वर्षभर उघडी ठेवा, मगच वाळली तर वाळेल. त्यांनी खिडकी उघडी टाकली, हात धुतले आणि त्याच खोलीतल्या पलंगावर येऊन बसल्या. घड्याळ बघितलं. राहिलेली दहा मिनिटं त्या गप्प बसल्या आणि मग कागदावर लिहिलं: 'ऐकू येते: टाकीत पडणारे पाणी.' आणखी काही येतंय का म्हणून त्या तशाच बसून राहिल्या.