सगळेच स्टार

आमच्या दुबईतल्या मराठी मंडळात दुय्यम भूमिका कुणालाच चालत नाही. दरवर्षीच्या रुसव्याफुगव्यांना वैतागून यंदा मीच सुचवलं, की जुन्या हॉलिवूडच्या संगीत-विनोदी सिनेमांसारखं काहीतरी बसवू. त्या कृष्णधवल सिनेमांत गोष्ट नावापुरती असते. स्टुडिओतला एकेक स्टार झोकात जिना उतरतो, गाणं म्हणतो आणि निघून जातो.

कल्पना जरा जास्तच आवडली. अल बर्शा भागापासून मरीनापर्यंत सगळ्यांनी नावं दिली. जिना म्हणून आमच्या घरची ॲल्युमिनियमची शिडी आली आणि ती धरून उभं राहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अध्यक्षीणबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या प्रेक्षकांकडे पाठ करून उतरल्या आणि खाली पोचेपर्यंत त्यांचं गाणं संपलं होतं.

प्रेक्षक म्हणजे तरी कोण? पडदा उघडला तेव्हा समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या, कारण अख्खं मंडळ मेकअप करून विंगेत उभं होतं. पहिल्या रांगेत एकटे हॉलचे केअरटेकर चाचा बसले होते, मूळचे रत्नागिरीचे. तीन तास ते जागचे हलले नाहीत. प्रत्येकासाठी त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

शेवटी मी त्यांचे आभार मानायला खाली उतरणार, तेवढ्यात तेच टोपी सारखी करत स्टेजवर आले.

"झाले ना सगळे?" ते म्हणाले. "यल्ला, चला, आता माझ्यासाठी शिडी धरा."