हवा निघेपर्यंत

आमच्या बिल्डिंगच्या प्लंबरला नाव असणारच, पण ते कुणी कधी विचारलं नाही. बिल्डिंगमध्ये ते 'खालचे काका' आणि त्यांची बायको 'वरच्या काकू'. तळघरात पाणी तापवणारा बॉयलर, तिथे ते. चौथ्या मजल्यावर, माझ्या बैठकीच्या खोलीत, त्या पाण्याने खोली उबदार ठेवणारा शेवटचा रेडिएटर, तिथे काकू. लिफ्ट नाही. काकांचे गुडघे तरुणपणीच कामातून गेलेले, त्यामुळे वर चढायचं खातं काकूंकडे.

काम सांगायला अगदी सोपं. थंडीच्या आधी, आणि थंडीतही अधूनमधून, पाइपांत नवं पाणी भरायचं. पाणी खालून चढू लागलं की आतली हवा वर वर पळते आणि शेवटी माझ्या रेडिएटरमध्ये ठाण मांडून बसते. हवा बसली की रेडिएटर गार. मग वरच्या माणसाने एक बारका स्क्रू सैल करून धरायचा, फुसफुस करत हवा जाऊ द्यायची आणि पाण्याची धार लागली की ओरडायचं, "आलं!" की खालच्याने नळ बंद करायचा. मुलांनी दोघांना मोबाइल दिले होते, पण तळघरात रेंज नाही. त्यामुळे ह्या जोडप्याचा संसार आम्ही सगळ्यांनी जिन्यातून ऐकलाय.

"अहो, सोडा!"

"सोडलं! आलं का?"

"आत्ता तर सोडलंत! पाणी आहे ते. जेवायला हाक मारली की धावत यायला ते काय तुम्ही आहात?"

"जेवणाचं नाव नको. आज भाजीत मीठ नव्हतं!"

"मीठ होतं! जिभेचा वायसर बदला!"

ह्यावर दुसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी हमखास हसायचं, आणि काका खालून विचारायचे, "कोण हसलं? त्याचा नळ मी दुरुस्त करणार नाही!"

करायचे अर्थातच. माझ्या बेसिनखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि चमच्याचा दांडा मिळून एक गळती अडवून धरलीय. "तात्पुरतं आहे हं. रविवारी येऊन पक्कं करतो," म्हणाले होते. तो रविवार अकरा वर्षांत उजाडला नाही, आणि एक थेंबही गळला नाही. म्हणायचे, "डॉक्टर चुकला तर माणूस वर जातो, प्लंबर चुकला तर खालचा शेजारी वर येतो. भीती कशाची वाटावी ते तुम्हीच ठरवा."

गेल्या दोन हिवाळ्यांत मात्र हवा निघायला फार वेळ लागू लागला. आधी दहा मिनिटं, मग वीस, शेवटी तर अर्धा तास. मी त्या वेळी शाळेत, घराची चावी काकूंकडे; हे मला शेजाऱ्यांकडून कळायचं.

"आलं का?"

"थांबा. अजून हवाच आहे."

"झोपलीस काय वर? म्हातारी झालीस तू!"

काका हैराण. त्यांनी पाइप धुतले, पंपाचा वायसर बदलला, एक अख्खा पाइप नवा घातला. तरी अर्धा तास. मला म्हणाले, "मास्तर, गंमत बघा. जिथे जिथे काम करतो, तिथे उंच बिल्डिंगींनाच हा रोग आहे. बैठ्या घरांत फटकन हवा जाते. पाणीच हल्ली आळशी झालंय."

उन्हाळ्याच्या तोंडाशी काकू गेल्या. घरातच, ओट्यापाशी. हृदय. डॉक्टर काकांना म्हणाला, "हे आजचं दुखणं नाही. वर्ष-दीड वर्ष दम लागत असणार. तुमच्या लक्षात नाही आलं?"

तो प्रश्न काकांच्या मानगुटीवर बसला. मी भेटायला गेलो तेव्हा चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाले, "मास्तर, दिवसभर बरोबर असायचो आम्ही. घर तळमजल्यावर. घरात कधी दम लागलेला बघितला नाही मी. भिंतीआडचा थेंब मला कळतो, आणि हे कळलं नसतं? डॉक्टर काहीतरीच बोलतो. होय ना?" मी "होय" म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच दूधवाल्याला विचारल्याचं कळलं. मग इस्त्रीवाल्याला.

उंच बिल्डिंगींची कामं त्यांनी सोडून दिली. नळ, बेसिन, मोरी, एवढंच. पण थंडी पडली, रेडिएटर गार ते गारच, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ऐंशीच्या मावशी तीन स्वेटर घालून दार उघडू लागल्या. मी काकांकडे गेलो.

"वर कोण उभं राहणार?" त्यांनी विचारलं.

"मी राहीन."

"ओरडता येतं का?"

"तीस वर्षं शाळेत शिकवलंय."

"मग येईल," म्हणाले, आणि पिशवी उचलली.

मी वर स्क्रू सैल करून, खाली वाटी धरून बसलो. "सोडा!" म्हणालो. खालून आलं, "सोडलं!" रेडिएटर फुसफुसला, दोनदा थुंकला आणि पाण्याची सरळ धार लागली. मी घड्याळ बघितलं. चार मिनिटं.

"आलं!"

"एवढ्यात कसं येईल? घाई करू नका!"

"आलंय हो! वाटी भरली!"

"ह्या बिल्डिंगला अर्धा तास लागतो, मास्तर! ती हवाच आहे! थांबा, हात लावू नका, मीच येतो."

मी वाटीच्या जागी बादली ठेवली, आणि गुडघ्यांवर हात ठेवत, प्रत्येक पायरीला काहीतरी पुटपुटत काका चार मजले चढून आले. त्या बेसिननंतर अकरा वर्षांत त्यांना मी प्रथमच माझ्या दारात बघत होतो. त्यांनी माझ्या हातातली स्क्रूची किल्ली घेतली, स्क्रू बंद केला, पुन्हा उघडला. पाणी. पुन्हा बंद, पुन्हा उघडला. पाणीच. स्क्रू आवळून, रेडिएटरवर हात ठेवून ते तिथेच बसून राहिले.

"किती वेळ लागला म्हणालात?"

"चार मिनिटं."

"आणि मी उन्हाळ्यात इथे काहीच केलेलं नाही," ते म्हणाले. "काहीच बदललेलं नाही."

खाली जाऊन नळ बंद करायचा होता. उतरताना गुडघे जास्त छळतात, म्हणून मी हात धरला. तिसऱ्या मजल्यावर ते थांबले. तेवढ्यात मावशींचं दार उघडलं आणि त्यांनी एक लाकडी स्टूल बाहेर सरकवलं.

"बसा जरा. जिन्यात कुणी थांबलं की स्टूल काढायची सवयच लागलीय मला."

"कुणासाठी?" काकांनी विचारलं.

मावशी माझ्याकडे बघू लागल्या. मला काही माहीत नव्हतं.

"मावशी, स्टूल कुणासाठी काढायचात?"

"तुम्हाला सांगू नका म्हणाली होती ती."

"आता रागवायला नाही ती. सांगा."

मावशींनी स्वेटरची बाही ओढून बोटं आत घेतली. "वर जाताना बसायची इथे. दोन हिवाळे. आधी पाचच मिनिटं. मग वाढत गेलं. 'सोडा'सुद्धा इथूनच ओरडायची. तुम्ही विचारलंत की 'अजून हवाच आहे' म्हणायची. तेवढं बोलायला आधी श्वास साठवून घ्यायची. मी म्हणायचे, बाई गं, नवऱ्याला सांग. तर म्हणे, 'मी घरी बसले तर हेच वर-खाली करतील, मावशी. त्यांचे गुडघे बघितलेत का?'"

काका स्टुलावर बसले.

"मास्तर, मी पाइप बदलला," ते म्हणाले. "नवा पाइप घातला मी."

खाली तळघरात नळ चालूच होता, तो बंद करायला मी दोन पायऱ्या उतरलो आणि तिथेच थांबलो, कारण काका आता मावशींना विचारत होते.

"मी खालून काय वाट्टेल ते बोलायचो. ते इथे ऐकू यायचं?"

"सगळं."

"झोपलीस का, म्हणायचो. म्हातारी झालीस, म्हणायचो."

"हो."

"मग ती काय करायची?"

"हसायची," मावशी म्हणाल्या. "तोंडावर हात धरून. आवाज नाही करायची. दम लागायचा ना."