उंचवट्यांची विद्या

गुरुवारी सकाळी धाकटा भाऊ गेला. बाबांनी त्याच्या गार पडलेल्या कपाळावर, केसांच्या कडेशी हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला त्याचा हेवा वाटला.

तो हात मला लहानपणापासून माहीत होता. बाबा पोलादपूरला शिक्षक. त्यांच्याकडे पुठ्ठा निघालेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, डोक्याच्या उंचवट्यांवरून माणसाची बुद्धी आणि स्वभाव ओळखण्याच्या विद्येचं. आत डोक्याचं चित्र, बांध घातलेल्या खाचरांसारखे भाग पाडलेलं. रविवारी आम्हाला तेल लावताना बाबा चाचपून बघत. भावाच्या कपाळाशी त्यांची बोटं थांबत. "हे डोकं पुढे जाणार." माझ्या डोक्यावरून हात सरळ मागे जाई. "ही घर सांभाळेल."

वर्गात पहिली यायचे ती मी.

पुढे मी महाडला ग्रंथपाल झाले. चवदार तळ्याच्या रस्त्यावर सायबर कॅफे निघाला, तेव्हा शनिवारी अर्धा तास तिथे बसू लागले. परदेशी विद्यापीठांनी या विद्येची जुनी पुस्तकं पानन्‌पान इंटरनेटवर ठेवली होती. संग्रहालयांनी तसेच भाग आखलेल्या चिनी मातीच्या डोक्यांचे फोटो ठेवले होते. फोटो वरून खाली हळूहळू उतरे, आधी टाळू, मग कपाळ. कपाळ आलं की मला राग येई. इतिहासाच्या एका प्राध्यापकाने सगळं नीट लिहिलं होतं: ही विद्या कशी पसरली, तिच्या आधारे कोणाकोणाला कमी ठरवलं, आणि शास्त्रज्ञांनी ती कशी मोडीत काढली. मी अकरा पानं छापून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पोलादपूरची एसटी धरली.

भाऊ पुण्याहून आलेला होता. पानं चाळून म्हणाला, "अगं ताई, हेच मी बाबांना गणपतीत वाचून दाखवलं. ऑफिसात बसून सगळी साइट वाचली होती."

इथेही तोच पहिला.

"खोटंच आहे ते सगळं," बाबा म्हणाले.

"मग याच्या डोक्याबद्दल तुम्ही म्हणायचात ते?"

"ते मी कुठे पुस्तकात बघून म्हणत होतो?"

भाऊ हसला. "घ्या! फुकट गो तुझी खेप."

त्याला जाऊन वर्ष झालं. बाबा आता महाडला माझ्याकडे असतात. रविवारी मी त्यांच्या डोक्याला तेल लावते. अकरा पानं कपाटात आहेत. भावाचा हेवा अजून वाटतो.