पुढे पळणारा काटा

काटे हे तिचं आडनाव नव्हे. पण काटे हेच तिचं काम, म्हणून सगळे तिला काटेताई म्हणत. पोस्टमन तर पाकिटावरचं खरं आडनाव खोडून पेनने 'काटे' लिहायचा. प्रेशरगेज बनवणाऱ्या एका कारखान्यात तिने बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. कारखाना बंद पडला तेव्हा ती ते टेबलच घरी घेऊन आली. पुढच्या खोलीत खिडकीखाली ते मांडलं आणि जुन्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करायला लागली. औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत स्क्रू, कपाटात तबकड्या, आणि एक कडक नियम: मीटर उघडला की पंखा बंद. तिचा नवरा म्हणायचा, "आमच्याकडे माणूस घामाघूम झाला तरी चालतो, स्प्रिंग उडता कामा नये."

एके दिवशी सकाळी एक प्राध्यापक वडिलांची जुनी गाडी घेऊन आले. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. गाडी तेव्हापासून उभीच होती, आता ती चालती करायची असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

"पेट्रोलचा काटा मेलाय, ताई. आणि वेगाचा काटा वेडा झालाय. फोन दाखवतो चाळीस, हा दाखवतो पन्नास. वय झालं, दुसरं काय!"

काटेताईने मान वर केली. "वय झालं की लोहचुंबक मंदावतो. काटे मागे पडतात. पुढे पळत नाहीत."

"मग हा का पळतो?"

"तेच बघायचंय," ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

तिने आधी बॅटरीची तार सोडवली. मग पुढच्या सीटवर उताणी पडून डोकं स्टिअरिंगखाली घातलं आणि मीटरच्या मागे हात सरकवला. वेगाच्या केबलचा नट तिथे डोळ्यांना दिसतच नाही, बोटांनाच चाचपडत फिरवावा लागतो. प्रत्येक तार काढण्याआधी तिने तिला वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा बांधला. शेवटी चार स्क्रू निघाले आणि सगळे काटे बसवलेलं ते पॅनेल, जेवणाचा डबा काढावा तसं, अलगद तिच्या हातात आलं.

पेट्रोलच्या काट्याचं दुखणं साधं होतं. अर्थिंगच्या तारेचं टोक गंजून हिरवं पडलं होतं. ते घासून घट्ट बसवलं, काटा उठला.

वेगाच्या काट्याने मात्र तिला कोड्यात टाकलं. टेबलाला आवळलेल्या ड्रिलने तिने त्याला साठचा वेग दिला, काटा पंच्याहत्तरवर गेला. चाळीसला पन्नास, ऐंशीला शंभर. बिघडलेला काटा असा शिस्तीत चुकत नाही. तिने पंखा बंद केला, काच उतरवली आणि भिंगातून पाहिलं. काट्याला मागे खेचणारी केसाएवढी स्प्रिंग कुणीतरी सैल केली होती. तिचा ताण जुळवणारी पट्टी हलू नये म्हणून वर एक टिपका लावला होता. लाल नेलपॉलिशचा.

तिने प्राध्यापकांना फोन लावला. "हा मीटर आधी कुणी उघडला होता?"

"छे! बाबा बॉनेटलासुद्धा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

"मग नेलपॉलिश कोण लावायचं तुमच्या घरी?"

"आई लावायची," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक आईला घेऊनच आले. ऐंशी ओलांडलेल्या काकू, हातात काठी. त्यांनी टेबलावर वाकून तो टिपका पाहिला आणि खुदकन हसल्या.

"माझंच काम आहे हे."

"आई, तू?" प्राध्यापकांनी विचारलं.

"लग्नाआधी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रिलेच्या बारीक स्प्रिंगा जुळवायचे, विसरलास? तुझे बाबा वाऱ्यासारखी गाडी हाणायचे. तू तीन वर्षांचा असताना वळणावर गाडी खड्ड्यात गेली, तुझ्या हनुवटीला पाच टाके पडले. मी रडले, भांडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी! मग एकदा ते रेल्वेने चार दिवस परगावी गेले. मी दोन दुपारी गॅरेजमध्ये बसले. प्रत्येक तारेचं चित्र वहीत काढून घेतलं होतं."

"आणि काकांना कधीच कळलं नाही?" काटेताईने विचारलं.

"एक्केचाळीस वर्षं मित्रांना सांगत राहिले, मी ऐंशीच्या खाली येत नाही म्हणून. ऐंशी म्हणजे खरे चौसष्ट! उशीर झाला की म्हणायचे, रस्ता लांब झालाय हल्ली."

काटेताई इतकी हसली की तिचा चष्मा घसरला. प्राध्यापकही हसले, पण मधेच थांबले. "मी त्यांच्या मागे बसून त्या काट्याकडे बघायचो, आई. वाटायचं, आपल्या बाबांसारखं कुणी चालवत नाही." त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं. "असाच राहू दे का?"

"नको रे," काकू म्हणाल्या. "ज्यांना फसवायचं होतं ते गेले. तुला खरा आकडा दिसला पाहिजे. फक्त दुरुस्ती मी करणार."

काटेताई आपल्या टेबलावर कुणाला बसू देत नसे. त्या दिवशी ती उठली. काकूंनी सुईने टिपका खरवडला, लाल कण पडले. पट्टीला चिमटा लावला तेव्हा हात थरथरायला लागला. काटेताईने त्यांचं मनगट खालून आधाराला धरलं. "श्वास सोडा, काकू, आणि मग ढकला."

पट्टी केसभर सरकली. काटेताईने ड्रिलने पुन्हा साठचा वेग दिला. बासष्ट. पुन्हा केसभर. साठ. काटा तिथेच ठरला.

"नेलपॉलिश आहे का गं?" काकूंनी विचारलं.

"कारखान्याचं वार्निश आहे."

"चालेल. तेव्हा मला कुठे मिळणार होतं ते!"

संध्याकाळपर्यंत पॅनेल गाडीत बसलं. दोरे एकेक करून सुटले, दिवे लागले. प्राध्यापक गल्लीत एक फेरी मारून आले आणि आईसाठी दार उघडून उभे राहिले. पण काकू खुर्चीतून हलेनात. त्यांची नजर कपाटातल्या एका डब्यावर होती. दुसऱ्याच कुठल्या गाडीतलं घड्याळ त्यात महिनाभर सुटं पडलं होतं.

"त्याला काय झालंय?"

"दर तासाला वीस मिनिटं थांबतं आणि आपोआप चालू होतं. का, ते सापडत नाही."

काकूंनी काठी भिंतीला टेकवली. "बघू दे. आण इकडे."

काटेताईने डबा पुढ्यात ठेवला, दुसरी खुर्ची ओढली आणि पंखा बंद केला.