आईच्या हाडाला उजेड

खरवईच्या शेतात, चिखलात उभा जन्म काढला तेव्हा आई कधी पडली नाही. पडली ती आमच्या नव्या फ्लॅटच्या गुळगुळीत लादीवर. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत रॉड घातला, पण महिने उलटले तरी हाड काही धरेना. वॉकर घेऊन ती कशीबशी संडासापर्यंत जायची आणि घामाघूम होऊन परत यायची.

आणि मी कामाला कुठे, तर एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत. हाडाच्या पेशींवर सौम्य लेसरचा लाल उजेड पाडायचा आणि त्या किती वाढतात ते बघायचं, हे माझं काम. प्लास्टिकच्या छोट्या बशीत तळाला चिकटून त्या पेशी असायच्या. बेताचा उजेड मिळाला की जोमाने वाढायच्या, जास्त झाला की मरगळायच्या. याला योगायोग म्हणावं की थट्टा, मला अजून कळलेलं नाही. घरी येऊन मी हे कौतुकाने सांगायची आणि आई कान देऊन ऐकायची.

"त्या बशीतल्यांना देतेस, मग मला का नाही गं?" एकदा तिने विचारलं.

बशीत पेशी आणि उजेड यांच्यामध्ये काहीच नसतं. आईच्या हाडावर कातडी, चरबी आणि आयुष्यभर राबलेले जाड स्नायू. आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "मांडीत एवढ्या खोल जाईपर्यंत फार थोडा उरतो. त्याने हाड जुळेल असं मी छातीठोक नाही सांगणार." मला सरांचा रागच आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

तरी नेलं. उल्हासनगरात एका सिंधी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे तसलं मशीन होतं. गॅरंटी त्यांनीही दिली नाही. पण आई म्हणजे भाजीवालीकडून मूठभर कोथिंबीर वर घेतल्याशिवाय पिशवी न उचलणारी बाई. इथेही मशीन बंद झालं की तिचं सुरू, "एवढ्या लांबून आलेय बाई, थोडं वर द्या की."

"माताजी, ज्यादा देने से ज्यादा फायदा नहीं होता," त्या हसून म्हणायच्या.

रिक्षात बसेपर्यंत आई धुसफुसायची. "चिकट आहे हां ही." मला आधी हसू यायचं, मग रडू.

पुढच्या एक्स-रेत फट होती तशीच होती. हाडांचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा ऑपरेशन हाच उपाय. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, भूल झेपणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

मग एका संध्याकाळी घरी आले तर आई पलंगावर मांडी उघडी टाकून बसलेली. देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब तिने शेजारणीकडून टेबललॅम्पमध्ये लावून घेतला होता आणि लॅम्प मांडीला जवळजवळ टेकवला होता.

"लालच लागतो ना?" ती म्हणाली. "आता दिवसभर ठेवते. इथे कोण मोजायला बसलंय?"

असल्या बल्बने काही होत नाही, हे मला सांगता आलं असतं. पण त्याच्या बदल्यात तिला द्यायला माझ्याकडे होतं काय? मी तिच्या पायाशी बसले.

"तुझ्या बशीतल्या त्या पेशी कुणाच्या गं? माणसाच्याच ना?"

"हो. खूप वर्षांपूर्वी एका परदेशी मुलीच्या हाडातून काढलेल्या. त्यांचीच वाढ अजून चालू आहे."

त्या हाडाला कॅन्सर होता आणि म्हणूनच त्या पेशी वाढायच्या थांबत नाहीत, हे मी बोलले नाही.

आईचा चेहरा खुलला. "एवढं वाढलं म्हणजे ती पोर चालायला लागली असेल."

"हो आई," मी म्हणाले. "लागली."