हौसाबाईंच्या कपाळावरची तुळस

दौलतरावांचा आवाज चढलेला विठ्ठलवाडीच्या त्या इमारतीत कुणी ऐकला नव्हता. खोपटच्या एसटी डेपोत आयुष्य काढलेला हा मेकॅनिक. तिथे इंजिनं ओरडायची, हे गप्प असायचे. त्या रविवारी मात्र खालच्या बिऱ्हाडाने टीव्ही बारीक करून कान टवकारले.

“माझ्या बायकोचा चेहरा पुसलास तू!”

मुलगा विनीत सोफ्यावरून उठलाच. “बाबा, ओरडताय काय? पुसला कुठे? साफ केलाय.”

वर्षापूर्वी हौसाबाई गेल्या, तेव्हा विनीतनेच दौलतरावांच्या नावाने एका फोटोंच्या वेबसाइटवर अल्बम उघडून घरातले सगळे फोटो चढवले होते. दौलतरावांना आधी ते खूळ वाटलं. मग गोडी लागली. चहा झाला की टॅब मांडीवर. एका चेहऱ्यावर बोट ठेवलं की त्या माणसाचे सगळे फोटो हजर! लग्नातली हौसा, विनीतला कडेवर घेतलेली हौसा, गुडघे दाबत बसलेली हौसा. गावाकडून मेहुणी मालन फोटोखाली लिहायची, ‘हे लुगडं माझं हाय, ताईनं परत दिलंच न्हाई.’ दौलतराव एकटेच खुदखुदायचे. सगळ्यात लाडका फोटो डेपोच्या फाटकाशी काढलेला. दोन बोटांनी मोठा केला की कपाळावर गोंदलेली तुळस पानापानाने दिसायची.

ती तुळस हौसाबाईंनी विनीतच्या लग्नातसुद्धा झाकली नव्हती. ठाण्याच्या विहीणबाईंनी लेझरवाला डॉक्टर सुचवला, तेव्हा हौसाबाई म्हणाल्या होत्या, “दागिनं हितंच काढून घेत्यात. वर माज्यासंगं एवढंच येणार. ते कशाला काढू?”

आणि आता वर्षश्राद्धाला फ्रेम करायची म्हणून विनीतने नेमका तोच फोटो घेतला आणि चेहरा उजळायचं बटण दाबलं. त्या बटणाला तुळस काय कळणार? डाग समजून खाऊन टाकली. कपाळ घासलेल्या परातीसारखं गुळगुळीत. अल्बममध्ये फोटोखाली नातेवाइकांच्या लाल बदामांची रांग. ‘काय ग्लो आहे काकूंचा!’ ‘दहा वर्षांनी लहान दिसतात!’ दौलतरावांना एकेका बदामाची चीड आली. छापील फोटो घर बदलताना गेला होता. दुसरा नव्हता.

“अहो बाबा, छान दिसतेय आई. लोकांना केवढी आवडलीय.”

“लोकांची बायको आहे का ती?”

तेवढ्यात मालनचा फोन आला. “दाजी, ही कोन बया लावलीया? ताई कुटं हाय?”

“ऐक!” दौलतरावांनी फोन विनीतच्या कानाला भिडवला. “सख्ख्या बहिणीला ओळखू येईना! जत्रेत दोघी शेजारी बसून गोंदून घेतलेल्या. तुझ्या आईने सोबत नेण्यासारखी एकच वस्तू ठेवली होती, तीही तू काढून घेतलीस.”

सून ऐश्वर्या इतका वेळ दारात उभी होती. तिने हळूच टॅब घेतला. “बाबा, एक मिनिट. बदललेला फोटो परत पहिल्यासारखा करता येतो बहुतेक.” तिने इकडेतिकडे बोट फिरवलं, एका जागी दाबलं. तुळस परत आली. पानं, मंजिरी, हनुवटीवरचा ठिपका, सगळं.

दौलतरावांनी टॅब छातीशी धरला.

“झालं ना आता?” विनीत म्हणाला. “उगाच एवढा तमाशा.”

त्या ‘उगाच’ने दौलतरावांचे कान पुन्हा तापले. पण या वेळी ते ओरडले नाहीत.

“ऐश्वर्या, या अल्बममध्ये हात कुणी घालायचा, ते कुठे ठरवतात गं?”

“इथे बाबा. तुमचं नाव आहे, आणि विनीतचं.”

“त्याचं काढ.”

“अहो, सगळे फोटो मीच चढवलेत!” विनीत ओरडला.

“बघायची परवानगी राहू दे त्याची,” दौलतराव सुनेला म्हणाले. “बघू दे त्याला त्याची आई. नीट बघू दे एकदा.”